चारशे बारा जणांच्या नावानं

सेक्टर २२, चंदीगड
सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. हल्ली आपण फोनवर बोलतो ते ‘जेवलास का, जेवलीस का’ एवढंच. मधेच तुटतं, आणि तुटलं की दोघांपैकी कुणी परत लावत नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहावं.

इथली थंडी सरली. घरमालकिणीनं कालच रजया गच्चीवर टाकल्या. तिला सगळे बीजी म्हणतात, मीही म्हणते. खाली मार्केटात सकाळपासून भटुऱ्यांचा वास असतो, पण पोटाला सोसत नाही म्हणून मी पोहेच करते. पोहे इथं जाड मिळतात. ऑफिस मोहालीत आहे, बसनं पाऊण तास लागतो. काम पुष्कळ आहे. झोप थोडी कमी झाली आहे एवढंच.

मेघनाचे दहावीचे पेपर कसे चाललेत? परीक्षा संपेपर्यंत तिला तुझ्या कामाला लावू नकोस. तुझं मेल बघणं, पीडीएफ उघडून वाचून दाखवणं, असलं काही. वहिनीचे गुडघे बरे आहेत ना?

तू जानेवारीत विचारलं होतंस की ह्या सरकारी कागदात नेमकं काय आहे ते सोप्या मराठीत सांग. तेव्हा फोनवर मी गडबडीत काहीतरी सांगितलं. आता नीट लिहिते. दूरसंचारच्या नियामकांनी लोकांकडून सूचना-हरकती मागवल्यात. प्रश्न सत्तावीस आहेत, पण तुझ्या कामाचे दोनच. आज नियम असा आहे, की तुझ्यासारख्या तालुक्यापुरतं जाळं चालवणाऱ्या माणसाच्या धंद्यात बाहेरच्या कंपनीला निम्म्याहून जास्त मालकी घेता येत नाही. ही अट काढावी का, हा एक प्रश्न. आणि खेड्यापाड्यात इंटरनेट पोचवायला सरकार जो निधी देणार आहे, तो तुमच्यासारख्या लहानांनाही द्यावा की फक्त मोठ्या कंपन्यांना, हा दुसरा. अट गेली आणि निधीही मोठ्यांनाच मिळाला, तर तुझी अकरा गावांतली वायर कोण विकत घेईल आणि कुठल्या भावानं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझी हरकत मी वेबसाइटवर वाचली. तीन पानं, हातानं लिहिलेली, फोटो काढून पाठवलेली. एका पानावर तुझ्या अंगठ्याची सावली आली आहे. फार चांगलं लिहिलं आहेस. धनगरवाड्यावर वायर नेताना तुम्ही बांबू कसे बांधत गेलात ते वाचताना मला ऑफिसात उठून पाणी प्यावं लागलं.

आता तुझं काम झालं. बाकीच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस. हजारो पानं आहेत, फोनवर उघडायलाच अर्धा तास जाईल. शिवाय अशा कागदांत काहीही असतं. कंपन्या लोकांकडून लिहून घेतात, सगळं मनावर घ्यायचं नसतं. प्रतिहरकत पाठवायची मुदत आठ मार्चपर्यंत आहे, पण तू पाठवली नाहीस तरी चालेल. खरंच. मी वकील म्हणून सांगते.

हो, आणखी एक. मागच्या वर्षी तू ग्राहकांची यादी पाठवली होतीस ना, परवान्याच्या नूतनीकरणासाठी नीट करून दे म्हणून, ती मी माझ्याकडून काढून टाकली आहे. उगाच कुठं राहायला नको. तू विचारलं नव्हतंस, पण सांगून ठेवते.

आमच्याकडेही सध्या ह्याच विषयाचं थोडं काम आहे. थोडंसंच.

तब्येतीला जप. खांबावर स्वतः चढू नकोस, आता पन्नाशी आली.

तुझी
वल्लरी

*

चंदीगड
गुरुवार, ५ मार्च

प्रिय दादा,

सोमवारी वहिनीचा फोन आला होता. हे तिनं तुला सांगितलं असेल-नसेल. तिच्यावर रागावू नकोस.

तिनं सांगितलं की तू ती सगळी पानं उघडलीस. मेघनाला नाही सांगितलंस, स्वतःच फोनवर सरकवत बसलास. आपलं हेदवडे दिसलं तसा थांबलास, आणि पहिलंच नाव निघालं विश्वनाथ गुरुजींचं. खाली लिहिलेलं: ‘आमच्या गावातील स्थानिक केबलचालकाची सेवा अत्यंत निकृष्ट आहे. मोठ्या कंपनीस मालकी घेऊ दिल्यास आम्हा ग्रामस्थांचे कल्याण होईल.’ वहिनी म्हणाली, तू ते दोनदा मोठ्यानं वाचलंस, चप्पल घातलीस आणि गेलास.

पुढचंही तिनं सांगितलं. गुरुजी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. तू फोन त्यांच्यासमोर धरलास. ते म्हणाले, “देवदत्त, हे मी लिहिलेलं नाही.” तू म्हणालास, “मग नाव काय हवेतनं आलं?” तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “लिहिलं मी नाही. पण पावसाळ्यात चार-चार दिवस लाइन नसते, एवढं काही ह्यात खोटं नाही बाबा.” आणि तू घरी येऊन त्यांच्या अख्ख्या आळीची लाइन काढून टाकलीस.

दादा, २००६ साली गावात कुणी तुझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा पहिलं केबलचं कनेक्शन गुरुजींनी घेतलं होतं. त्यांच्या नातीची, जाईची, शनिवारी पुण्याच्या हॉस्पिटलची ऑनलाइन मुलाखत होती. ती तिनं गारगोटीच्या स्टँडवर बाकावर बसून दिली, असं वहिनी म्हणाली. एसटीच्या हॉर्नमध्ये.

वहिनीचा फोन येऊन आज चौथा दिवस आहे. मी रोज फोन हातात घेते आणि ठेवते. काल इथं धुळवड होती. बीजींनी दार वाजवून गुलाल लावला आणि म्हणाल्या, “पुत्तर, तेरा मुँह क्यों उतरा हुआ है?” मी म्हटलं, ऍसिडिटी.

गुरुजींनी ते लिहिलेलं नाही. कुणीच लिहिलेलं नाही. चारशे बारा जणांपैकी एकानंही नाही. ते मी लिहिलं आहे.

आता सगळं सांगते, मधे थांबले तर परत लिहिता येणार नाही.

आमच्या कंपनीला एका मोठ्या टेलिकॉम कंपनीनं काम दिलं. त्यांचं म्हणणं, ग्रामीण जनतेचा आवाज नियामकांपर्यंत पोचला पाहिजे. म्हणजे पाच राज्यांतल्या खेड्यांतल्या लोकांकडून अट काढण्याच्या बाजूनं सूचना जायला हव्यात. महाराष्ट्राचा मजकूर मी करायचा, कारण ऑफिसात मराठी मी एकटी. मी अकरा नमुने केले. कुठं ‘निकृष्ट’, कुठं ‘असमाधानकारक’, कुठं शाळेतल्या मुलांचा उल्लेख, कुठं शेतकऱ्यांना बाजारभाव कळण्याचा. नावं गोळा करायला पुण्याची एक संस्था नेमली होती. ती शेवटपर्यंत नावं देऊ शकली नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी माझे साहेब, अंकुर सूद, माझ्या टेबलाशी आले. “वल्लरी, महाराष्ट्र का क्या है? बाकी सब आ गया.” मी म्हटलं, “है सर.” ते म्हणाले, “लोगों की सहमती है ना? बाद में लफडा नहीं चाहिए.” मी म्हटलं, “है जी. पक्का.”

माझ्याकडे तुझी यादी होती. नाव, गाव, फोन नंबर, सगळं स्वच्छ केलेलं. मीच केलं होतं.

त्यांनी मला दमदाटी केली नाही, आमिष दाखवलं नाही. मी म्हटलं असतं की नाही जमलं, तर फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण नऊ वर्षं मी ह्या शहरात आहे आणि नऊ वर्षांत ‘नाही जमलं’ म्हणायची मला सवय राहिली नाही. मी स्वतःला सांगितलं की ही नुसती नावं आहेत. हे कागद कोण वाचतं? तू पाठवलेली हरकत त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं आली. ती वाचली तेव्हा मला कळलं की वाचतात.

त्या यादीत आईचंही नाव आहे. घरचं कनेक्शन अजून तिच्याच नावावर आहे ना, सुहासिनी विश्वास देसाई. ते नजरचुकीनं राहून गेलं. चारशे नावांत लक्षात आलं नाही. तू अजून तिथपर्यंत पोचला नसशील, क्रम बराच खाली आहे. पोचलास तर आधी मला फोन कर. किंवा नको करूस. मला माहीत नाही मी काय सांगतेय.

एकच मागते. गुरुजींची आणि त्या आळीची लाइन आजच्या आज जोड. माझ्यावरचा राग त्यांच्यावर नको.

मंगळवारी, दहा तारखेला, इथं खुली चर्चा आहे. नियामकांचे अधिकारी येणार, ज्याला बोलायचं त्यानं उठून बोलायचं. आमच्या कंपनीतर्फे ग्रामीण ग्राहकांची बाजू मांडायला मला उभं करणार आहेत. भाषण लिहून दिलंय. त्यात वाक्य आहे, ‘महाराष्ट्र के चार सौ से अधिक ग्रामीण उपभोक्ताओं ने...’ माझ्याच्यानं तेवढंच वाक्य पाठ होत नाही. आजारी आहे म्हणून सांगावं असा विचार करते. पण मग दुसरं कुणी वाचेल, आणि ते कागद तिथंच राहतील.

परवानगीशिवाय लोकांची नावं वापरणं हा गुन्हा आहे, हे मला कुणी सांगायला नको. वकिलीची सनद जाईल का, नोकरी तर जाईलच, पोलिसांपर्यंत जाईल का, हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि तो कागद फाडला.

हे पत्र स्पीडपोस्टानं टाकते आहे. सोमवारपर्यंत पोचेल. तुला फोनवर सांगण्याची माझी हिंमत नाही, हे खरं कारण.

वल्लरी

*

चंदीगड
बुधवार, ११ मार्च

दादा,

सोमवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. तू बोललास ते मी तेव्हाच एका बिलाच्या मागं लिहून घेतलं, कारण मला भीती वाटली की नंतर मी ते मनात मऊ करून टाकीन.

तू म्हणालास, “पत्र मिळालं.” मग म्हणालास, “गुरुजींकडे जाऊन आलो. लाइन जोडली. पाया पडलो तर म्हणाले, चहा घे.”

मी काहीतरी म्हणायला लागले तर म्हणालास, “थांब. आईचं वाचलं मी. तू नजरचूक म्हणतेस. बाकीच्या सगळ्यांचं वाचून बघितलं, फिरून फिरून तेच. हे एकच निराळं आहे. हे कुणी लिहिलं, वल्ले?”

लहानपणी तू मला वल्ले म्हणायचास.

नजरचूक नव्हती, दादा. तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर तिचं नाव आलं तेव्हा मी थांबले. काढून टाकायला एक बटण पुरे होतं. मी नमुन्यातला मजकूरही तिथं टाकला नाही. नवीन लिहिला. तुला तो पाठ झाला असेल, तरी इथं लिहिते, कारण तो माझ्या हातानं तुला लिहायला हवा:

‘माझी मुलगी चंदीगडला असते. तिच्याशी बोलताना तिचा चेहरा मधेच थांबतो, मग नुसता आवाज येतो, मग तोही नाही. मला जास्त काही नको. एकदा तिच्याशी पुरतं बोलणं व्हावं.’

त्या चारशे बारा कागदांत मनापासून लिहिलेला तेवढाच एक आहे, आणि तो मी तुझ्यावरच्या रागानं लिहिला.

२०२३ च्या जुलैत मी आईशी बोलत होते. ती उशीवरून मान उचलून म्हणाली, “वल्लू, ऐक, एक सांगायचंय,” आणि तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थांबलं. मी वीस मिनिटं त्या थांबलेल्या तोंडाकडे बघत बसले. मग चार दिवस ना तुझी लाइन, ना मोबाइलचा टॉवर. तिसऱ्या दिवशी ती गेली. मला कळलं कुणीतरी गारगोटीला जाऊन फोन केला तेव्हा. मी पोचले तर राख सावडून झाली होती. तू ओसरीत बसला होतास, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी तुला विचारलं नाही काय लागलं. मी मनात म्हटलं, अकरा गावांना इंटरनेट देतो आणि घरात आईला देता आलं नाही.

हे मी अडीच वर्षं तुला बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. त्याऐवजी मी ते तिच्या नावानं सरकारला लिहिलं.

फोनवर हे सगळं मी सांगितलं, तुटक तुटक. जिन्यातून माणसं जात-येत होती. मग म्हणालास,

“त्या दिवशी मी कुठं होतो, ठाऊक आहे तुला?”

मी म्हटलं, “घरी.”

“घरी नव्हतो. घाटाखाली ऐनाचं झाड वायरवर पडलं होतं. आई दोन दिवस एकच लावून बसली होती, वल्लूचा फोन जोडून दे. म्हणून मी गेलो. माणूस कोण येईना त्या पावसात. एकटाच चढलो. करवतीनं हात कापला. जॉइंट अजून व्हायचाच होता, तोवर वरनं तुझी वहिनी ओरडत आली. आई गेली तेव्हा मी पण नव्हतो, वल्ले. तू नव्हतीस तशी मी पण नव्हतो.”

आणि मग फोन तुटला. तू ठेवलास की लाइन गेली, मला माहीत नाही. ह्या वेळी मी परत लावला, दोनदा. लागला नाही.

मी वर जाऊन बाथरूममध्ये तोंड धुतलं. अंकुर सरांना सांगितलं की उद्याचं भाषण तयार आहे.

आता मंगळवारचं सांगते.

सभागृह एका हॉटेलात होतं. दीडदोनशे माणसं. पुढच्या रांगांत कंपन्यांचे सूट, मागे पंजाब-हिमाचलचे लहान केबलवाले, काही पगडीवाले, काही लोकरीच्या टोप्यांत, हातात नियमाच्या कागदाच्या झेरॉक्स. तुझ्यासारखेच, खिशाला पेन आणि टेस्टर. एक म्हातारा हिमाचली उठला आणि म्हणाला, “साहब, बर्फ में तार टूटती है तो बड़ी कंपनी का नंबर लगाओ, कोई लड़की बोलती है शिकायत दर्ज हो गई. हमारे यहाँ तो लोग सीधे मेरे घर आ जाते हैं, गाली देने.” सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी आमच्या कंपनीचं नाव पुकारलं. अंकुर सर माझ्या शेजारीच होते, त्यांनी अंगठा वर केला. मी उठले. माईक हातात घेतल्यावर मला पहिलं वाक्यच आठवेना. ना त्यांचं, ना माझं. मी हिंदीतच बोलले, जसं येईल तसं. म्हटलं, महाराष्ट्रातल्या हेदवडे आणि आसपासच्या दहा गावांच्या नावानं ज्या चारशे बारा सूचना आल्या आहेत, त्या त्या लोकांनी पाठवलेल्या नाहीत. त्यांना ठाऊकही नाही. त्यातली एक बाई तर हयात नाही. त्या सगळ्या रद्द कराव्यात.

अध्यक्ष एक वयस्कर अधिकारी होते. त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, आप किस हैसियत से कह रही हैं?”

मी म्हटलं, “जिसने लिखे हैं, उस हैसियत से.”

कुणी आरडाओरडा केला नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी फोन काढले. अध्यक्ष म्हणाले, लिखित द्या, नावनिशीवार आणि सहीनिशी, आणि मग पुढचं नाव पुकारलं. एवढंच. मी वर्षानुवर्षं ज्याला घाबरले असते, ते तीन मिनिटांत झालं आणि लोक चहाला उठले.

बाहेर गॅलरीत अंकुर सर आले. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू बोलले. “यार, मैंने पूछा था ना? सहमती है? तूने कहा था, है.” मी म्हटलं, “हाँ सर. झूठ बोला था.” ते म्हणाले, “अब मैं तुझे बचा नहीं सकता. और सच बताऊँ, खुद को भी बचा पाऊँगा कि नहीं, पता नहीं.” त्यांच्या मुलीची शाळेची फी, मोहालीच्या फ्लॅटचे हप्ते, मला सगळं माहीत आहे. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. माझं कार्ड त्यांनी तिथंच मागून घेतलं.

काल दुपारपासून आज दुपारपर्यंत मी ते लेखी निवेदन केलं. चारशे बारा नावं पुन्हा लिहिली. ह्या वेळी प्रत्येकापुढं, ‘ही सूचना सदर व्यक्तीची नाही.’ आईच्या नावापुढं लिहिताना खूप वेळ गेला. तिचं ते बोलणं काढून टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण ते तिचंही नाही. ती काय सांगणार होती ते मला ठाऊक नाही, आणि ते मी कुठल्या कागदावर लिहायचं नाही. निवेदन दिलं, पोच घेतली.

पुढं काय होईल, माहीत नाही. कंपनी माझ्यावर केस करेल असं ऑफिसातली एक मुलगी कानात सांगून गेली. नियमाचा निर्णय पावसाळ्यानंतर लागेल म्हणतात. आमचे चारशे बारा गेले, तरी बाकी राज्यांतले तसले कागद तिथंच आहेत, आणि ते कसे आले ते मी सांगू शकत नाही, कारण मला ठाऊक नाही. अट निघाली तर तुझं जाळं जाईल. तेव्हा तू म्हणशील की वल्लरीनं नावं मागं घेतली त्याचा काय उपयोग झाला. मला ह्याची रात्रंदिवस भीती वाटते. तुझी हरकत मात्र तिथं आहे, तीन पानांची, तुझ्या अंगठ्यासकट.

आणि एक सांगू? रागावू नकोस. गुरुजी म्हणाले ते खरं आहे. पावसात लाइन जाते. तू एकटा आहेस आणि वायर झाडांवरून गेली आहे. निधी लहानांना मिळाला तर खांब टाक. नाही मिळाला तरी गावाला बोलावून विचार, काय करायचं. त्यांना आजवर ना तू विचारलंस, ना मी. मी तर त्यांच्या नावानं उत्तरंच देऊन मोकळी झाले.

वहिनीनं आज सकाळी सांगितलं की शुक्रवारी, वीस तारखेला, ग्रामपंचायतीत ह्याच विषयावर अकराही गावांची सभा आहे, आणि तू तिला म्हणालास, “तिला सांग, पत्र मी वाचून दाखवणार नाही. सांगायचं असेल तर येऊन सांगू दे.” मी तिला विचारलं, “रागानं म्हणाला का?” ती म्हणाली, “मला कळलं नाही बाई. शेताकडं बघत बोलला.”

सोळाचं गाडीचं तिकीट काढलं आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी गारगोटीत उतरेन. स्टँडवर कुणी आलं नाही तरी चालेल, मी एसटीनं येईन. आधी गुरुजींकडे जाणार आहे, मग जाईला भेटणार आहे. तिची माफी कशी मागायची ते मला अजून सुचलेलं नाही. मग घरी येईन. तू दार लावून घेतलंस तर मी गुरुजींच्या ओट्यावर बसेन, पण शुक्रवारच्या सभेला उभी राहीन. चारशे अकरा माणसांसमोर. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला कडेवर घेतलंय.

तुझ्या हातावरचा तो व्रण मी अजून नीट बघितलेला नाही. ह्या खेपेला दाखव.

भीती वाटते, दादा. तरी

येते.

वल्ली